मदतीचा हिशेब कोणापुढें?

आपल्याकडे पावसाळ्यांत दोन पूर येतात. एक नदीचा आणि दुसरा उपकारकर्त्यांचा. नदीचा पूर दोन दिवसांत ओसरतो, उपकारकर्त्यांचा फार तर दोन आठवड्यांत. पहिल्या पुरानें काय नेलें याचे पंचनामे होतात. दुसऱ्यानें काय आणलें, कोणासाठीं आणलें, आणि जें आणलें तें उपयोगीं पडलें कीं नाहीं, याचा पंचनामा मात्र कोणी करीत नाहीं. तो करावा असें सुचविणारा कृतघ्न ठरतो. हा ठपका पत्करून आम्ही आज या विषयाला हात घालीत आहों. मोठमोठ्या कंपन्या आपद्ग्रस्तांस जें साहाय्य करतात त्याचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याच्या नांवानें पैसा खर्च झाला त्याच्यापुढें त्या पैशाचा हिशेब मांडला गेला पाहिजे. आणि आजच्या व्यवस्थेंत तो इतर सर्वांपुढें मांडला जातो, त्याच्यापुढें तेवढा मांडला जात नाहीं.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या व्यवहाराचा सारा डोलारा कांहीं शब्दांवर उभा आहे. 'दान', 'दायित्व', 'दत्तक', 'लाभार्थी' हे ते शब्द. शब्द खोटा पडला कीं त्यामागचा व्यवहारही खोटा पडूं लागतो, आणि शब्दांची नाणीं पारखून घेणें हें काम वाङ्मयाच्या उपासकांनीं करावयाचें नाहीं तर कोणीं करावयाचें?

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. कल्याणच्या पलीकडे, आंबिवली स्टेशनाजवळ, उल्हास नदीच्या कांठीं मोहने आहे. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी कर्जत, बदलापूर करीत येथें येते आणि पुढें खाडीला मिळते. शेजारच्या मोहिलीच्या केंद्रांतून कल्याणकरांना पिण्याचें पाणी जातें. नदी कोपली म्हणजे त्याच केंद्रांत पुराचें पाणी शिरून शहराचे नळ कोरडे पडतात, हा विपरीत अनुभवही लोकांनीं घेतला आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि मुंबईची ती कथा जगभर झाली. त्याच पावसांत उल्हास नदीनें आपल्या कांठच्या वस्त्यांची काय दशा केली, तें कांठच्या लोकांनींच लक्षांत ठेवलें. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पाण्यांत अडकली. सुमारें हजार प्रवाशांची सुटका झाली, आणि तें दृश्य साऱ्या देशानें पाहिलें. प्रवासी पाण्यांतून निघून आपापल्या घरीं गेले. ज्यांचें घरच त्या पाण्यांत होतें ते तेथेंच राहिले, आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची गर्दी दुसऱ्या दिवसापासून विरळ होत गेली.

मोहन्याची आणखी एक ओळख आहे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'एनआरसी'चा, कारखाना येथें उभा राहिला. कृत्रिम रेशमाचें सूत, टायरमधील धागा आणि रसायनें येथें तयार होत. कारखान्याला पाण्यासाठीं नदी हवी होती आणि कामासाठीं माणसें. गांवानें दोन्हीं दिलीं, आणि बदल्यांत पगार, वसाहत व शहाण्यासुरत्या गृहस्थीचें स्वास्थ्य मिळविलें. हा सौदा वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांत कारखाना बंद पडला. हजारों कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेली आणि जमीन दुसऱ्या बड्या उद्योगसमूहाकडे गेली.

आतां वाचकांनीं क्षणभर त्या दिवाळखोरीच्या कागदांकडे पाहावें. अशा प्रसंगीं घेणेकऱ्यांची यादी होते. तींत बँका असतात, सरकार असतें, माल पुरविणारे व्यापारी असतात, उशिरा कां होईना पण कामगारही असतात. ज्या गांवानें साठ वर्षें आपली नदी आणि आपली हवा उसनी दिली तें गांव त्या यादींत कोठेंच नसतें. गांवाचें येणें कोणीं मांडलेलें नसतें. म्हणून तें बुडालें असेंही कोणी म्हणत नाहीं. आणि पुढें कधीं याच कांठावर पाणी चढलें व कोण्या कंपनीची गाडी तांदळाच्या पिशव्या घेऊन आली, कीं त्या पिशव्यांना 'दान' म्हणतात. ज्याचें येणें कोणत्याही वहींत लिहिलेलें नाहीं त्याला जें मिळेल तें दानच वाटावयाचें. आमच्या तक्रारीचें मूळ येथें आहे.

दान हा शब्द आपल्या भाषेंत फुकटचा नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशहाचें धान्याचें कोठार भुकेलेल्यांसाठीं खुलें केलें, अशी कथा आहे. तें धान्य त्यांचें नव्हतें, हें खरें. परंतु त्यासाठीं मान त्यांनीं स्वतःची पुढें केली होती, आणि पोत्यांवर आपलें नांव घातलें नव्हतें. गीतेनेंही दानाच्या तीन जाती सांगितल्या आहेत आणि परतफेडीची आशा धरून दिलेल्या दानाला राजस म्हणून खालच्या पायरीवर बसविलें आहे. या मापानें आजच्या कंपनीच्या देण्याला काय म्हणावें, हें ठरविण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो तें पाहूं.

२०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि, किंवा उलाढाल १००० कोटि, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के लोकोपयोगी कार्यांत खर्च करावे, असें हें कलम सांगतें. ३० मे २०१९ रोजीं त्या कार्यांच्या यादींत आपत्तिनिवारण, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी यांचा स्पष्ट समावेश झाला. २०२१ पासून या कर्तव्यांत कसूर करणाऱ्या कंपनीस दंडही सांगितलेला आहे. म्हणजे ज्याला कचेरीच्या भाषेंत सीएसआर म्हणतात तो पैसा, न दिल्यास दंडास पात्र करणारा पैसा होय. घरपट्टी वेळेवर भरली म्हणून आपला सत्कार करवून घेणाऱ्या गृहस्थाला आपण हंसूं; मग या दोन टक्क्यांच्या समारंभांत आपण हारतुरे घेऊन कां उभे राहतों? कोणी म्हणेल, पैसा सक्तीचा असला तरी कार्य निवडण्याची मोकळीक कंपनीला आहे. तिनें पूरग्रस्त निवडले हें तिचें सौजन्य. मान्य. निवडीबद्दल आम्ही आभार मानूं. कायद्याच्या कांट्यापलीकडे जाऊन आणि कायदा होण्यापूर्वींही ज्यांनीं दिलें त्यांना आमचा नमस्कार आहे. पण दोन टक्क्यांच्या आंत जो देतो तो देणें देतो, आणि देणें चुकविणाऱ्यानें पावती मागावी, आरती मागूं नये.

याच कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाहीं. आपल्या मालाची वा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून पुरस्कृत केलेला खर्च या दायित्वांत धरतां येणार नाहीं, असें २०२१ चे नियम म्हणतात. असें असून पुरानंतरच्या वाटपांत पिशवी, पेटी, छत्री, पाठीमागचा पडदा आणि वाटणाऱ्याचा अंगरखा या सर्वांवर कंपनीचें बोधचिन्ह झळकत असतें. २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांत सरकारी धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचीं चित्रें चिकटविलेलीं आढळलीं, तेव्हां महाराष्ट्रभर संताप उसळला. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाडा बुडाला असतां मदतीच्या पेट्यांवर पुन्हां पुढाऱ्यांचे चेहरे दिसले आणि पुन्हां तोच संताप झाला. तो योग्यच होता. परंतु पुढाऱ्याचा चेहरा दिसला कीं संतापणारे आपण, कंपनीचें चिन्ह दिसलें कीं टाळ्या वाजवितों, यांत न्याय कोणता? पुढारी निदान पांच वर्षांनीं त्याच दारांत मत मागावयास येतो. चिन्हाला तेंही बंधन नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. या खर्चाचा हिशेब कोण घेतो? कायद्याप्रमाणें कंपनीच्या संचालकांची एक समिति असते. ती धोरण ठरविते. समितीचा अहवाल संचालक मंडळापुढें जातो. मंडळाचा अहवाल भागधारकांपुढें आणि सरकारपुढें जातो. ज्या कंपन्यांचें हें दायित्व वर्षास दहा कोटि रुपये वा अधिक आहे त्यांनीं एक कोटीवरील कामांचा परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावा, असा नियम आहे; तो तपासही संचालक मंडळापुढेंच मांडला जातो. व्यवस्था नेटकी आहे, कागद पुरे आहेत. या सर्व पायऱ्यांवर ज्याच्या घरांत गुडघाभर चिखल सांचला होता तो माणूस शोधून पाहावा. तो अहवालाच्या मुखपृष्ठावर सांपडतो. तेथें तो हात जोडून उभा असतो आणि खालीं 'लाभार्थी' असें छापलेलें असतें. लाभ झाला कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार ज्या एका माणसाला आहे त्याला तोंड उघडण्यापूर्वींच लाभार्थी हें नांव देऊन मोकळें होणें, ही या शब्दाची करामत.

याचा परिणाम मदतीच्या स्वरूपावर होतो, आणि आमचा आक्षेप केवळ शिष्टाचाराचा नाहीं तो यामुळेंच. पुराच्या पहिल्या आठवड्यांत एका वस्तींत बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे यांचे ढीग लागतात. त्या वेळीं त्यांतील कांहीं वस्तूंची गरजही असते. तिसऱ्या महिन्यांत त्याच वस्तींत कोणी फिरकत नाहीं. वास्तविक खरी पडझड तेव्हां कळूं लागते. शिंप्याचें शिवणयंत्र गंजून बसलेलें असतें, रिक्षेच्या इंजिनांत चिखल गेलेला असतो, भाजीवालीचें भांडवल वाहून गेलेलें असतें, आणि या सर्वांचे कर्जाचे हप्ते मात्र पुरांत वाहून जात नाहींत. भिंती ओल्या, मुलांचीं पुस्तकें गेलेलीं, दाखले आणि शिधापत्रिका भिजून लगदा झालेल्या. त्या पुन्हां काढावयाच्या तर चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडते. या कामीं एक जाणता कारकून सहा महिने वस्तींत बसविला तर दहा हजार पिशव्यांहून अधिक उपकार होईल. पण पिशवी मोजतां येते, तिचें छायाचित्र निघतें, ती अहवालाच्या कोष्टकांत बसते; कारकुनानें मिळवून दिलेल्या दाखल्याचें छायाचित्र कोण छापणार? हिशेब संचालकांपुढें द्यावयाचा असला कीं संचालकांना कळेल तेंच दिलें जातें. डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्डला पत्र लिहून, वेळ टळून गेल्यावर साहाय्याचें ओझें लादावयास येणाऱ्या आश्रयदात्याची जी बोळवण केली ती इंग्रजी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. त्याला लेखणी होती, म्हणून आश्रयदात्याला उत्तर मिळालें. मोहन्याच्या चाळींतल्या भाजीवालीला असें उत्तर देण्याची कोणतीही जागा आपण ठेवलेली नाहीं.

घेणाऱ्याच्या शब्दाला किंमत दिली तर काय घडतें आणि न दिली तर काय घडतें, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. कित्येक गांवें देणगीदारांनीं 'दत्तक' घेतलीं. हा शब्दही पारखून पाहावा. दत्तक गेलेल्याला आपलें कुळ सोडून घेणाऱ्याच्या कुळाचे आचार पाळावे लागतात. त्या गांवांचेंही पुष्कळसें तसेंच झालें. सरळ रेषेंत आंखलेले रस्ते, एकमेकांपासून सुटीं सुटीं सारखीं घरें, शहरी वसाहतीचा नमुना. आळीआळीनें एकमेकांला टेकून राहणाऱ्या, दारापुढें गुरें बांधणाऱ्या, अंगणांत धान्य वाळविणाऱ्या कुणब्याला त्या आंखणींत आपला संसार बसवितां येईना. पुढें ज्यानें त्यानें आपल्या परीनें छपरें, गोठे, आडोसे जोडून घेतले. घरें पक्कीं होतीं, देणाऱ्यांची बुद्धि चांगली होती. विचारावयाचें तेवढें राहून गेलें होतें.

त्याच भूकंपानंतर दुसरें एक काम झालें. जीं गांवें हलविलीं नाहींत त्यांत, हजाराहून अधिक ठिकाणीं, घरांची दुरुस्ती व मजबुती घरधन्याच्या हातून करविण्यांत आली. पैसा हप्त्याहप्त्यानें घरधन्याच्या खात्यांत गेला, गांवोगांवीं समित्या झाल्या, आणि 'संवाद सहायक' म्हणून गांवच्याच बायकांनीं घरोघरीं जाऊन कोणाचें काम कोठें अडलें, सामान कोणाला मिळालें नाहीं, याची नोंद ठेवली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यांत मोठा वाटा होता. या कामांत चुका झाल्या नाहींत असें नाहीं. परंतु चूक झाली तर ती कोणाला सांगावयाची हें तेथें ठाऊक होतें, आणि सांगणारी बाई शेजारच्याच घरांत राहत होती. भूकंप एक, सरकार एक, वर्षें तींच; भेद पडला तो हिशेब कोणाच्या हातीं होता एवढ्यानें.

ही दृष्टि आपल्याकडे परकी नाहीं. १८९६ च्या दुष्काळांत टिळकांनीं सरकारच्या दुष्काळविषयक नियमांचें मराठी भाषांतर करवून तें खेड्यापाड्यांत वांटविलें, आणि पीक बुडालें असतां सारासूट मागणें हा तुमचा हक्क आहे, असें 'केसरी'तून शेतकऱ्यांना सांगितलें. सरकारला सर्वांत अधिक झोंबलें तें हेंच. कारण याचक सांभाळणें सोपें असतें, नियम हातांत घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला सांभाळणें कठीण. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्यांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना वाढली; १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठीं १९७५ पासून शहरांतल्या पगारदारांवर आणि व्यापाऱ्यांवर व्यवसायकर बसला. मुंबईच्या कारकुनानें दरमहा दिलेल्या पैशांतून मराठवाड्यांत पाझरतलाव झाले, पण कोणत्याही तलावावर त्या कारकुनाच्या नांवाची पाटी नाहीं, आणि तशी पाटी असावी असें त्यालाही कधीं वाटलें नाहीं. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें अशा कामांचें सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेपुढें व्हावें असें सांगून आणखी एक पाऊल टाकलें. म्हणजे टिळकांपासून आजवर आपण हेंच शिकत आलों कीं, संकटांतील साहाय्य हा व्यवहार उघड्यावर, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. सरकारला जो धडा शंभर वर्षें दिला तो कंपन्यांना द्यावयाची वेळ आली, तेव्हां आपण एकाएकीं मुके कां झालों?

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, पुनर्वसन हें सरकारचें काम. कंपनी जें देते तें वरकड, त्याची झडती कसली घेतां? सरकारचें काम सरकारनें करावें, त्यांत सूट नाहीं. परंतु कायद्यानें नेमून दिलेला पैसा सार्वजनिक संकटांत खर्च करणारी कंपनी तेवढ्यापुरतें सार्वजनिक कामच करीत असते, आणि सार्वजनिक काम खासगी दिवाणखान्यांत संपवितां येत नाहीं. शिवाय हिशेब जितका दूर जातो तितका तो घेणाऱ्याच्या हातून निसटतो. १० एप्रिल २०२० रोजीं कंपनी मंत्रालयानें खुलासा केला कीं, पीएम केअर्स निधीला दिलेला पैसा या दायित्वांत धरला जाईल, मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेला धरला जाणार नाहीं. कोणता निधि चांगला, हा वाद आम्हांस करावयाचा नाहीं. पण आपद्ग्रस्ताला मुंबईचें मंत्रालयही दूर पडतें, तेथें दिल्लीचा दरवाजा त्यानें कसा ठोठवावा?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. धर्माच्या गाईचे दात मोजूं नयेत, असें ते म्हणतात. फार चिकित्सा केली तर कंपन्या हात आंखडतील. ही गाय धर्माची नाहीं, कायद्याची आहे, हें वर दाखविलेंच आहे. दोन टक्के तिला कोठें तरी द्यावयाचेच आहेत. आणि प्रश्न विचारल्याबरोबर जो हात मागें घेतो त्या हातांत काय होतें, हेंही एकदां कळलेलें बरें. शेजारी बसून दात पाहावे लागतात तें यासाठींही कीं, देणारा पुष्कळदां पुराला सर्वस्वीं परका नसतो. उल्हासच्या पूरपट्ट्यांत कोणीं किती भराव टाकला, कोणता नाला कोणाच्या कुंपणांत गेला, हें कांठच्या माणसाला ठाऊक असतें. मदतीच्या सभेंत हा प्रश्न विचारावयाची मुभा असेल तर एकाद्या देणगीदारावर अवघड प्रसंग येईल. तो यावा, अशी आमची इच्छा आहे. एका हातानें नदीची वाट अडवून दुसऱ्या हातानें पूरग्रस्तांना तांदूळ वांटणाराला त्या दोन हातांचा हिशेब एकत्र द्यावा लागला, तर पुढच्या पावसाळ्यांत तांदूळ कमी लागतील.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत वाईट आहे. लोक अडाणी असतात, सभेंत भांडणें होतात, गांवगुंड सर्व बळकावतात, तेव्हां तज्ज्ञांनींच ठरविलेलें बरें. भांडणें होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण सभेंतलें भांडण चार लोकांना दिसतें आणि चार लोकांना आवरतां येतें. बंद दाराआड झालेली चूक कोणाला दिसत नाहीं, ती छापील अहवालांत यश म्हणून दाखल होते. ज्या माणसांनीं साठ वर्षें कारखान्याचीं अवघड यंत्रें चालविलीं, त्यांना आपल्या घराची भिंत कोणत्या मालाची हवी तें कळत नाहीं, असें म्हणणाऱ्यानें तें मोहन्यांत येऊन म्हणावें.

मग करावें काय? आमची मागणी मोठी नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, आपत्तीच्या नांवानें खर्च करणाऱ्या कंपनीनें त्या त्या वस्तींत मराठींत एक फलक लावावा. किती रुपये, कोणत्या कामाला, कोणाच्या हातून, कोणत्या तारखेपर्यंत, एवढेंच त्यावर असावें, आणि बोधचिन्हापेक्षां आंकडे मोठे असावे. दुसरी अशी कीं, काम ठरविण्यापूर्वीं एकदां आणि पुढचा पावसाळा गेल्यावर एकदां, अशा दोन सभा बाधितांपुढें व्हाव्या. खेड्यांत ग्रामसभा आहे. मोहने कल्याण-डोंबिवली महापालिकेंत आहे, तेथें प्रभागांतील नागरिकांची सभा बोलावावी. दुसरी सभा पुढल्या पावसाळ्यानंतर घ्यावयाची, कारण दुरुस्तीची परीक्षा पाणीच घेतें. मार्चअखेरची कोरडी भिंत कोणालाही मजबूत दिसते. तिसरी अशी कीं, त्या सभेंत लोक जें बोलले त्याचें इतिवृत्त, कडू असलें तरी, कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडावें, आणि तें जोडेपर्यंत कामाचा शेवटचा हप्ता पुरा झाला असें धरूं नये.

वर्षअखेरची घाई असते, ३१ मार्चपूर्वीं पैसा संपवावा लागतो, ही सबब आम्ही ऐकली आहे. तिला आधार नाहीं. चालू राहणारें काम म्हणून ठरविलें तर तें सुरू झालेल्या वर्षापुढें आणखी तीन वर्षें चालवितां येतें, आणि न खर्चलेला पैसा त्यासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवतां येतो, अशी सोय कायद्यानेंच करून ठेवली आहे. तेव्हां पहिल्या आठवड्यांत सर्व वांटून मोकळें होण्याची गरज कायद्याची नाहीं. ती छायाचित्राची आहे, कारण तिसऱ्या वर्षीं छायाचित्र काढावयास कोणी येत नाहीं.

यांतील एकही गोष्ट करण्यासाठीं नवा कायदा होईपर्यंत थांबावें लागत नाहीं. ठाणें जिल्ह्यांत उल्हास नदीचें पाणी वापरणारे उद्योग थोडे नाहींत. त्यांतील एकानें जरी येत्या पावसाळ्यापूर्वीं कांठच्या एका वस्तींत असा फलक लावला, सभा बोलाविली, आणि लोकांच्या तक्रारींसकट तिचें इतिवृत्त छापलें, तर बाकीच्यांना तें न करण्याचीं कारणें द्यावीं लागतील. तोंवर आम्हां लेखकांना एक काम करतां येण्यासारखें आहे. कंपनीच्या कायदेशीर खर्चाला दान म्हणावयाचें नाहीं, गांवाला दत्तक म्हणावयाचें नाहीं, आणि ज्याला अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं त्याला लाभार्थी म्हणावयाचें नाहीं. मोहन्यासारख्या गांवांचें जें येणें कोणत्याच वहींत लिहिलें गेलें नाहीं, त्याची पहिली नोंद निदान आमच्या भाषेंत तरी खरी असावी.